आबांच्या गाडीचं नाक

श्वास ही जीवनाची पहिली अट आहे. अन्न नंतर, पाणी नंतर, मानसन्मान तर त्याच्याही पुष्कळ नंतर. हे माझ्या सासऱ्यांनी केळीच्या बागेच्या कडेला उभं राहून, उजवा हात वर करून सांगितलं, तेव्हा समोर बसलेली माणसं केळीच्या पानावरचं वांग्याचं भरीत थंड होत चाललेलं बघत होती. विषय गाडीच्या एअर फिल्टरचा होता.

सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. सावद्याजवळच्या एका गावात त्यांची केळी होती, हलक्या जमिनीच्या तुकड्यात कापूस होता, आणि गावातल्या प्रत्येक सभेत त्यांच्यासाठी एक खुर्ची होती. घरात ते चार शब्दांत काम भागवायचे. खुर्ची मिळाली की मात्र तिच्यावर बसत नसत, उठून बोलायला लागत. शाळेचं बक्षीस वाटप असो की कोणाचं तेरावं, आबांचं भाषण जीवनापासून सुरू व्हायचं आणि हळूहळू मूळ विषयाकडे यायचं. कधी कधी यायचं नाही.

गाडी जुनी होती. त्या काळी आमच्याकडच्या रस्त्यांवर गाड्या दोनच जातींच्या दिसत, मोठी आणि छोटी. मोठी पुढाऱ्यांची, छोटी डॉक्टरांची. केळीला बरा भाव आला त्या वर्षी आबांनी भुसावळच्या एका डॉक्टरांकडून छोटी गाडी घेतली आणि मागच्या काचेवरची तांबडी फुली कितीतरी दिवस काढली नाही. तिच्यामुळे रेल्वेचं फाटक लवकर उघडतं, अशी त्यांची समजूत होती. फाटक आगगाडी गेल्यावरच उघडायचं. मी जावई म्हणून त्या घरात आलो तेव्हा ती गावातली सर्वांत चांगली गाडी होती, कारण दुसरी नव्हती.

गाडीला वर्षभर कामं असत. दवाखाना, बाजार, कोणाचा नवरदेव मिरवणं. पण आबांच्या लेखी तिचं काम एकच होतं. आखाजीला अक्कांना आणायचं.

अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशात या सणाला लेकीबाळी माहेरी येतात, झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात, आमरस खातात आणि सासरची आठवण काढायची असेल तर ती नावं ठेवण्यापुरती काढतात. त्यांना आणायला माहेरून जो जातो तो मुराळी. मुराळी सहसा मिसरूड न फुटलेला भाऊ असतो, नाहीतर भाचा. आबा हे साठी उलटलेले मुराळी होते. अक्का त्यांची थोरली बहीण. धुळ्याला मुलाकडे राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबांची आई ते लहान असतानाच गेली आणि त्यांना वाढवलं ते अक्कांनी. ही गोष्ट आबा कुठल्याही भाषणात सांगत नसत. त्यावरूनच तिचं वजन मला कळलं होतं.

त्या भाषणाच्या आधीच्या आखाजीला गाडी पारोळ्याच्या अलीकडे बंद पडली. आधी धूर काळा झाला, मग तिची ओढ कमी झाली, मग ती म्हाताऱ्या माणसासारखी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. भर दुपार होती. आबांनी बॉनेट उघडलं, इंजिनातल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं, बॉनेट बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी एका ट्रकवाल्यानं दोर बांधून तिला उलट्या दिशेनं एरंडोलला ओढत नेलं. तिकडे धुळ्यात अक्का सकाळपासून नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. दिवेलागणीला त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझा धाकटा मेहुणा एसटीनं त्यांना आणायला निघाला, पण त्याआधीच शेजारच्या फोनवरून निरोप आला. भाऊ येईल तेव्हा येईन, नाहीतर पुढच्या साली. अक्का आल्या नाहीत. आबांनी त्या आखाजीला आमरसाची वाटी तशीच पुढे सरकवून दिली.

त्यावर बोलले ते फक्त थोरले मेहुणे. केळीचा व्यवहार तेच बघायचे आणि त्यांना जीप हवी होती. जीपमध्ये खतं भरता येतात, माणसं भरता येतात, आणि ती बंद पडली तर निदान मोठी वस्तू बंद पडल्यासारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं.

"आबा, विकून टाका आता हिले," ते म्हणाले. "बहिणीले आणाले निघते न् एरंडोलले जाऊन बसते."

"या आखाजीले हिनं अक्काले आणलं तं गाडी राहीन," आबा म्हणाले. "नही आणलं तं तू विकजो. मी हू का चू करणार नही."

एवढ्यावर बोलणं मिटलं. म्हणजे पुढच्या आखाजीपर्यंत गाडीला जीवदान होतं, आणि तिचं जे काही बिघडलं होतं ते तोवर सापडायला हवं होतं.

ते सापडायला फार वेळ लागला नाही. जळगावच्या मिस्तरीनं कार्बोरेटरवरचा पत्र्याचा गोल डबा उघडून आतली कागदाची चकती बाहेर काढली. इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते, आणि ती हवा या घड्याघड्यांच्या कागदातून गाळून आत जाते. आमच्या चकतीत घड्या दिसतच नव्हत्या. कापसाच्या हंगामात धुळ्याच्या रस्त्यावर जिनिंगकडे जाणाऱ्या उघड्या गाड्यांची रांग लागते. कापसाचे तंतू हवेत उडतात, रस्त्याची धूळ उडते, आणि दोन्ही मिळून फिल्टरवर घोंगडीसारखा थर बसतो. मिस्तरीनं चकती फरशीवर आपटली. थर तसाच राहिला.

"हिला दम लागतो," तो म्हणाला. "कागद बदला. नाहीतर दुसरा फिल्टर बसवा, बाहेरचा."

आबांनी कागद एकदा बदलून पाहिला. दिवाळीनंतर, कापूस वेचणी रंगात आली तशी चकती पुन्हा घोंगडी झाली. तेव्हा बाहेरचा फिल्टर बसवायचं ठरलं, आणि कोणता बसवायचा हे ठरवायला आबांनी भरीत पार्टी ठेवली.

हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण आमच्याकडे थंडीत कोणताही महत्त्वाचा निर्णय भरीताशिवाय होत नाही. बागेत काड्यांचा जाळ करायचा, त्यात मोठी हिरवी वांगी भाजायची, सोलून लाकडी कुंडीत मिरच्यांबरोबर ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खाताना सोयरीक, भांडण, निवडणूक काय असेल ते मिटवायचं. त्या दिवशी सकाळपासून वीसेक माणसं जमली होती. त्यांतल्या कोणाकडेही गाडी नव्हती. त्यामुळे चर्चा मोकळेपणानं झाली.

सुरुवात धाकट्या मेहुण्यानं केली. तो इंदूरला शिकायला होता आणि परदेशी गाड्यांची मासिकं जुन्या बाजारातून आणून वाचायचा. त्यानं येताना एक शंकूच्या आकाराचा, लाल जाळीचा फिल्टर आणला होता. डबा नाही, झाकण नाही. नळीच्या तोंडावर उघडाच बसवायचा.

"रेसच्या गाडीले हाच असतो, आबा. हवा डायरेक्ट!"

त्यानं तिथल्या तिथे तो बसवला आणि गाडी सुरू करून अॅक्सिलरेटर दाबला. गाडीनं असा आवाज काढला की केळीचे घड आणायला आलेली बैलजोडी जुवासकट बांधावर चढली. गडी मागे धावला. दोन वांगी जाळात पडली.

"बंद कर!" आबा ओरडले. आवाज थांबल्यावर ते जरा शांतपणे म्हणाले, "मी बहिणीच्या दारात असा डरकाळ्या फोडत जाऊ? तिच्या सुनेले वाटीन, भांडाले आला."

"आवाज पॉवरचा आहे, आबा."

"पॉवर तं मंग बैलात जास्त निघाली," थोरले म्हणाले आणि सगळे हसले. धाकट्यानं शंकू काढून पिशवीत घातला. तो फिल्टर नंतर कितीतरी वर्षं त्याच्या टेबलावर पेन ठेवायला होता.

मग सूचना सुरू झाल्या. एक म्हणाला, जुन्या धोतराची घडी डब्याच्या तोंडाला बांधा, औषधाची पूड त्यातून गाळतात ते काय उगाच. दुसरा म्हणाला, गाडी पहाटे चालवा, पहाटे धूळ झोपलेली असते. एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, हवेशिवाय चालणारं इंजिन मिळत नाही का. थोरले मेहुणे म्हणाले, मिळतं, त्याला बैलगाडी म्हणतात. मला जावई म्हणून मत विचारण्यात आलं. जावयाला आमच्याकडे प्रत्येक गोष्टीत मत विचारतात. ते त्याच्या पानात पहिलं वाढण्यासारखं आहे, त्यावरून पुढे काही होत नाही. मी म्हणालो, कंपनीचाच कागद दर महिन्याला बदलावा. सगळ्यांनी आदरानं मान हलवली आणि विषय पुढे गेला.

तेव्हाच आबा उभे राहिले आणि श्वासाबद्दल बोलले. भाषणाच्या शेवटी ते विहिरीवर आले. वीज यायच्या आधी त्यांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याला तेलाचा एअर फिल्टर होता. खाली वाटीत तेल, हवा वरून येऊन तेलावर आपटते आणि वळते, धूळ तेलात अडकते, हवा एकटीच पुढे जाते. भर उन्हाळ्यात, शेताच्या धुळीत ते इंजिन रात्रंदिवस चाललं आणि एकदाही खोकललं नाही. "निर्णय झालेला आहे," आबा म्हणाले आणि बसले. तेव्हा कुठे आम्ही जेवलो.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर जळगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर तीन डबे मांडले. एक ट्रॅक्टरचा, बादलीएवढा. तो बसवायचा तर गाडी त्याला बसवावी लागली असती. एक जीपचा, त्याची वाटी गळकी होती. तिसरा लहान डिझेल इंजिनांसाठी राजकोटला बनलेला, हिरव्या रंगाचा, झाकणावर कमळ उठवलेलं.

"ये ले जाओ आबा, राजकोट का माल है," दुकानदार म्हणाला. "आपकी गाडी जायेगी, ये नहीं जायेगा."

त्यात स्तुती किती आणि वस्तुस्थिती किती, याचा विचार न करता आबांनी कमळावरून बोट फिरवलं आणि घेतला. मिस्तरीनं पत्र्याची पट्टी जोडून, रबरी नळीला वळण देऊन तो बॉनेटखाली बसवला. गाडीचा आवाज उलट हळू झाला. फार वेगात गेलं तर तिला हवा थोडी कमी पडणार होती, पण आबा वेगात जात नसत, त्यामुळे त्यांना ते समजण्याची शक्यता नव्हती. मिस्तरीनं वाटीच्या आतली रेघ दाखवली आणि सांगितलं, इथपर्यंत इंजिन ऑइल भरा. आबा म्हणाले, घरी भरतो.

घरी जे झालं ते मला पुढच्या रविवारी सासूबाईंकडून कळलं.

आबांनी इंजिन ऑइलचा डबा उघडला, आत पाहिलं आणि बंद केला. ते ऑइल आधीच्या बदलीत इंजिनातून काढलेलं, काळं होतं. आणि त्यांच्या मनात असं आलं की इंजिनाच्या पोटात जे तेल जातं ते ठीक, पण हे तर नाक आहे. आमच्या घरात थंडीच्या दिवसांत लहानमोठ्यांच्या नाकात तेलाचे थेंब सोडायची पद्धत होती, त्यानं कोंदलेलं नाक मोकळं होतं. त्या तेलाबद्दल एकच अट होती, ते शुद्ध हवं. घरात शुद्ध तेल होतं. स्वतःच्या शेतातल्या शेंगांचं, तेलाच्या घाण्यावर उभं राहून काढून आणलेलं.

"नाकात कोणी काळं तेल घालतं का?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"ते मी फोडणीले ठेवलं होतं," सासूबाई म्हणाल्या. पण तोवर वाटी रेघेपर्यंत भरली होती.

मी आबांना सांगून पाहिलं की हे तेल तापलं की घट्ट होईल. त्यांनी विचारलं, "पण धूळ धरते की नही?" आम्ही वाटी काढून पाहिली. तळाशी धुळीचा मऊ गाळ बसला होता, कापसाचे तंतू तेलात पोहत होते. धूळ धरत होतं. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण शेंगदाण्याच्या तेलाविरुद्ध मला त्या क्षणी एकही मुद्दा सुचला नाही.

मुद्दा इंजिन तापल्यावर यायचा. फैजपूरपर्यंत गेलं की बॉनेटखालून भज्यांचा वास सुटायचा. तोही साधासुधा नव्हे. सणाच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिल्यावर येतो तसा. रस्त्याच्या कडेची माणसं मान वळवून बघायची. फैजपूरच्या स्टँडजवळ एकानं खिडकीत वाकून विचारलं, "आबा, प्लेट कितीले?" थोरले मेहुणे म्हणाले, "आता बेसन घेऊन निघत जा. धुळ्यापर्यंत एक घाणा सहज उतरन." आबांनी मनावर घेतलं नाही. गाडी चालत होती. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, तिला एकदाही दम लागला नाही. तेल घट्ट झालं की सासूबाईंचा डोळा चुकवून ते बदलायचे. मला बरं वाटत होतं, आणि त्याचं कारण इंजिन नव्हतं. आखाजी जवळ येत होती आणि आबा पुन्हा जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

आखाजीच्या तीन दिवस आधी ते जळगावला आमच्याकडे मुक्कामाला आले, आणि पहाटे आम्ही दोघं निघालो. त्यांनी धुतलेली टोपी, नवा सदरा घातला होता. मागच्या सीटवर धुतलेली चादर अंथरली होती. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे गेल्या वर्षीची जागा आली तसे ते बोलायचे थांबले. ती जागा मागे गेल्यावर त्यांनी रस्त्याकडे बघतच विचारलं, "गेली ना?"

"गेली," मी म्हणालो.

धुळ्यात अक्कांच्या गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी हॉर्न धरला. पोरं धावत आली, बाया दारात आल्या. अक्का ओट्यावर होत्या, पिशवी मांडीवर. वाळक्या, ताठ बाई. कपाळ मोकळं, डोळे तीक्ष्ण. इतकी वर्षं धुळ्यात काढल्यामुळे त्यांच्या बोलण्यात तिकडची अहिराणी मुरली होती. आबा त्यांच्या पाया पडले. अक्कांनी त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. मग गाडीजवळ येऊन हवेत नाक वर केलं.

"काय तळी ऱ्हायना रे भाऊ?"

"काही नही. गाडी शे," आबा म्हणाले. बहिणीजवळ आले की त्यांच्याही तोंडात एखादं अहिराणी शे यायचं.

अक्का दारात क्षणभर थांबल्या, गल्लीकडे पाहून हसल्या आणि आत बसल्या.

ऊन चढलं होतं. परतीच्या वाटेवर आबांना वर्षभराचं समाधान एकदम आलं आणि त्यांचं भाषण सुरू झालं. बसून. हवा कशी येते, कशी वळते, धूळ कशी खाली राहते. माणसानंही वाईट ते खाली ठेवून पुढे जावं. मी हुंकार देत होतो. मागून काही येत नव्हतं. वळून पाहिलं तर अक्का डोळे मिटून, पदर नाकाला लावून, पदराआड काहीतरी मुठीत धरून बसल्या होत्या.

"झोपली?" आबांनी विचारलं. "दरवर्षी अशीच झोपते. गाडी शांत चालते ना."

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "भाऊ, थांबाड."

"पारोळं आलंच, अक्का. तिथी चहा घेऊ."

"भाऊ, थांबाड रे!"

गाडी एका कडुलिंबाच्या झाडाखाली थांबली. अक्का दार उघडून खाली उतरल्या, चार पावलं गेल्या आणि वाकल्या. आबा इंजिनासाठी आणलेला पाण्याचा डबा घेऊन धावले. अक्कांना ओकारी होत होती तोवर ते त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग अक्कांनी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि झाडाच्या मुळावर बसल्या. मुठीतून एक चिरलेलं लिंबू खाली पडलं.

"काय खाल्लं होतं?" आबांनी विचारलं.

"काय खासू? कालपाइन उपास शे मना."

"आखाजीच्या आधी उपास काहून?"

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "गाडीमा बसानं व्हतं ना. बंद डबामा बसनू का माले गरगरस. दरसाल उपास करस, लिंबू हुंगस, डोया मिटी बसस, मंग निभी जास. आज ह्या भज्यास्ना वासनी हद्द करी टाकी."

आबा उभे होते. त्यांनी वाकून खाली पडलेलं लिंबू उचललं.

"दरसाल?"

"दरसाल."

"मंग सांगतलं काहून नही?"

"काय सांगू तुले?" अक्का हसल्या. रंग अजून उतरलेलाच होता. "बठ्ठी गल्लीले आयकू जाई इतला हारन वाजाडत येस तू. तठे मी काय सांगू, माले ओकारी येस म्हनीसन?"

"न् यष्टीत?"

"यष्टीमा काहीच व्हत नई. खिडकीजोडे बसस, वारा लागस. लेककडे जास ना मी, चांगली जास."

वर्षभर आम्ही इंजिनाला हवा कशी मिळेल यावर बोललो होतो. कागद, जाळी, तेल, राजकोट, सगळं झालं होतं. गाडीच्या मागच्या दोन्ही काचा पावभर उतरून अडकतात आणि त्याखाली जात नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मागे बसणाऱ्याला हवा पोचते का, हा प्रश्न कोणत्याही बैठकीत निघाला नव्हता. मागे बसणारं माणूस वर्षातून एकदा बसायचं आणि डोळे मिटून घ्यायचं.

त्यानंतर अक्का पुढे बसल्या आणि मी मागे. आबांनी पुढची काच खालपर्यंत उतरवली आणि गाडी सायकलीच्या वेगानं चालवली. वाटेत आणखी दोनदा थांबावं लागलं. इंजिनासाठी एकदाही नाही. मागच्या सीटवर त्या वासात तासभर काढल्यावर मला स्वतःलाही लिंबाची आठवण झाली, पण जावयानं ओकारी करणं बरं दिसलं नसतं. जळगावला पोचायला संध्याकाळ झाली. त्या रात्री अक्का वरणभात जेवल्या आणि आबा त्यांच्यासमोर बसून राहिले. भाषण झालं नाही.

सकाळी मी उठलो तर आबा टोपी घालून तयार होते. अक्कांची पिशवी त्यांच्या हातात होती.

"जावईबापू, गाडी तुम्ही घेऊन या. आम्ही यष्टीनं जातो."

गाडी घेतल्यापासून आबा एसटीत चढले नव्हते. मी त्यांना स्टँडवर सोडायला निघालो तर अक्का म्हणाल्या, रिक्षा करू; मी गाडी घेऊन मागून गेलो. सावद्याच्या बसला आखाजीची गर्दी होती; माहेरी निघालेल्या बायका, त्यांची पोरं, बोचकी. कोण आधी चढलं, कोण नंतर, ते मी पाहिलं नाही. बस निघाली तेव्हा खिडकीत अक्का होत्या, तोंड वाऱ्याला. त्यांच्यापलीकडे गर्दीत एक पांढरी टोपी उभी होती.

मी बसच्या मागे मागे गाडी घेऊन गेलो. नशिराबाद, भुसावळ, तापीचा पूल. बसनं उडवलेली सगळी धूळ त्या हिरव्या डब्यानं गाळली आणि इंजिन एका सुरात चालत राहिलं. गावच्या फाट्यावर थोरले मेहुणे उभे होते. आधी बस आली, तिच्यातून आबा आणि अक्का उतरले. मग मागून मोकळी गाडी आली.

"दाजी, पुन्हा बंद पडली काय?" त्यांनी खिडकीत वाकून विचारलं.

"नाही. मस्त चालली."

"मंग हे दोघं यष्टीनं काहून आले?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणालो. त्यांनी विचारलं नाही. आबांनी ठरल्याप्रमाणे हू का चू केलं नाही, आणि पाऊस पडायच्या आत गाडी चोपड्याच्या एका माणसाकडे गेली. पुढे आबा आखाजीला एसटीनंच धुळ्याला जायचे, एसटीनंच यायचे, आणि अक्का खिडकीशी बसून सगळा रस्ता डोळे उघडे ठेवून बघायच्या.

त्या पहिल्या दिवशी मात्र फाट्यावर बरीच माणसं जमली. लेकी-सुनांनी अक्कांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कोणीतरी म्हणालं, या वयात स्वतः मुराळी होऊन बहिणीला घेऊन आला, याला भाऊ म्हणतात. आबा पिशवी छातीशी धरून उभे होते आणि त्यांनी मान जराशी लववली. बसमध्ये त्यांच्याकडे सुटे पैसे नव्हते, म्हणून दोघांचीही तिकिटं अक्कांनी काढली होती.